बारीक टायपातली लांब उडी

ऐंशीच्या दशकात मी शिकागोजवळच्या एका उपनगरी दैनिकात क्रीडा विभागात होतो. दैनिक दुपारी निघायचं. पहाटे उठून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचा, रिकाम्या रस्त्यानं ऑफिस गाठायचं आणि जेवायच्या सुट्टीआधी पान सोडून मोकळं व्हायचं. त्याआधी मी मुंबईत एका मराठी दैनिकात होतो. तिथं खो-खो, कबड्डी आणि शालेय क्रिकेट माझ्याकडे होतं. बायकोला इथल्या हॉस्पिटलात फार्मसिस्टची नोकरी मिळाली म्हणून मी आलो. फोनवरून निकाल उतरवून घेताना माझी चूक होत नसे. या एका गोष्टीवर मला काम मिळालं.

मंडळाच्या गणपतीला डॉक्टर-इंजिनिअर मंडळी भेटत. एकानं विचारलं, "तू पेपरमध्ये आहेस म्हणे. काय कव्हर करतोस यार, बेसबॉल?"

"हायस्कूलची कुस्ती."

"कोल्हापूरचा का?"

"डोंबिवलीचा."

"डोंबिवलीकराला कुस्ती कुणी दिली?"

यावर सगळे हसत आणि बोलणं पुन्हा ग्रीन कार्डावर जाई.

जगभरातले निकाल डेस्कवर वृत्तसंस्थेच्या वायरच्या यंत्रातून येत. कागदाची पट्टी खाली जमिनीपर्यंत लोंबत असे. परदेशातली स्पर्धा असेल तर पहिल्या तिघांची नावं बारीक टायपात घ्यायची आणि बाकीचं फाडून टोपलीत टाकायचं, अशी पद्धत होती. फाडलेल्या भागाला डेस्कवर शेपूट म्हणत. शेपटीत चौथ्यापासून शेवटच्यापर्यंत सगळे असत. वाचकाला त्यांचं काही नसतं, असं संपादक म्हणे. वाचकाबद्दल त्याचा अंदाज सहसा बरोबर असे.

आमच्या घराला लागून, मधे एकच भिंत असलेल्या घरात एक म्हातारी बाई एकटी राहत होती. नवरा कारखान्यात होता, तो वारला होता. ती स्वतः पडदे शिवायच्या कामातून निवृत्त झाली होती. पहिल्या हिवाळ्यात तिच्या स्वयंपाकघरातून वेलदोड्याचा वास आला आणि बायको सरळ जाऊन तिची बेल वाजवून आली. ती गोड पाव भाजत होती आणि तिच्या देशात त्यात वेलदोडा घालतात, असं कळलं. बायको नागपूरची. शेजारच्या वयस्कर बाईला नावानं हाक मारणं तिला जमेना. तिनं तिला मावशी म्हणायला सुरुवात केली आणि अर्थ समजावून सांगितला. मावशींनी विचार केला आणि म्हणाल्या, "म्हणजे आईची बहीण. चालेल. ते मी आहेच."

मावशी एस्टोनियाच्या. बाल्टिक समुद्रातल्या एका बेटावर त्यांचं गाव होतं. देश तेव्हा सोव्हिएत संघात होता. त्यांना रशियन म्हटलेलं चालत नसे. नाराजी त्या बोलून दाखवत नसत. समोरची बशी उचलून नेत.

मी पेपरमध्ये आहे हे त्यांना माहीत होतं. एका दुपारी मी गाडीतून उतरत होतो, तेव्हा त्यांनी कुंपणापाशी थांबवलं आणि विचारलं, "तिकडच्या खेळांचे निकाल तुमच्याकडे येतात का? बायकांची लांब उडी?"

"येतात. आम्ही छापत नाही."

"छापायचं नाहीच आहे," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी आत बोलावून सांगितलं. युद्धाच्या शेवटी, रशियन फौजा परत येत होत्या तेव्हा, मावशी मासेमारीच्या होडीतून स्वीडनला पळाल्या. मोठी बहीण आईजवळ मागे राहिली. अशा होड्या बऱ्याच बुडाल्या होत्या. बहिणीनं सरकारी कागदांवर लिहून दिलं की धाकटी समुद्रात बुडाली. पळून गेलेली बहीण असण्यापेक्षा मेलेली असणं घरासाठी बरं होतं. पुढं स्वीडनमधल्या एका ओळखीच्या बाईच्या नावानं पत्रं जात-येत राहिली. दोघी एकमेकींना मैत्रीण म्हणून लिहीत. त्यांतच एकदा कळलं की बहिणीची नात लांब उडी मारते आणि तिला मोठ्या संघात घेणार आहेत. त्यानंतर पत्र आलं नाही.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"बरेच. ती गेली असेल. किंवा लिहीत नसेल. मुलगी परदेशी खेळायला जायची असेल तर घरातलं कुणी बाहेरच्या देशात असून चालत नाही. असलं तर पासपोर्ट देत नाहीत." त्या टेबलावरचे चुरे हातानं गोळा करत होत्या. "यातलं कुठलं, ते मला कळत नाही."

मुलीचं आडनाव त्यांनी सांगितलं. मी ते लिहून घेतलं नाही, लक्षात ठेवलं.

त्या दिवसापासून मी शेपट्या टोपलीत टाकण्याआधी वाचू लागलो. पहिल्यांदा नाव सापडलं ते कुठल्याशा बंदिस्त स्टेडियममधल्या स्पर्धेत, सहाव्या क्रमांकावर. पट्टी घडी घालून खिशात ठेवली आणि दुपारी मावशींना वाचून दाखवली. त्यांना बारीक अक्षर दिसत नसे. नाव ऐकल्यावर त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग उडीचं अंतर मीटरमध्ये ऐकून त्या उठल्या, फ्रिजपासून दाराकडे चालत गेल्या, दारापाशी थांबून मागे वळून पाहिलं आणि म्हणाल्या, "एवढी?"

"दाराच्या बाहेर. पायऱ्यांपर्यंत."

त्यांनी दार उघडून पायऱ्यांकडे पाहिलं. थंडी आत आली. त्यांनी दार लावलं.

पुढचे दोन हंगाम ती सहावीवरून चौथी झाली, चौथीवरून तिसरी. तिसरी आली त्या दिवशी नाव आपोआप छापलं गेलं. कंसात सोव्हिएत संघ. मावशींनी तो अंक विकत घेतला. मी फुकट देऊ शकलो असतो. त्यांनी ऐकलं नाही.

मग एका हिवाळ्यात दोन देशांमधली बंदिस्त मैदानावरची स्पर्धा आमच्यापासून गाडीनं जाता येईल अशा शहरात ठरली. आलेल्या संघाच्या यादीत तिचं नाव होतं. संपादकानं मला पाठवायचं ठरवलं, कारण बाकीचे बास्केटबॉलमध्ये अडकले होते. जाताना त्यानं बजावलं, "एक प्रश्न तुझ्या वाट्याला येईल. आपण मॉस्को ऑलिंपिकला गेलो नाही, त्याबद्दल विचार. आणि आपल्या भागात तिकडचे लोक राहतात. एखादा नातेवाईक मिळतो का बघ. रविवारच्या पानाला मस्त होईल."

"मला कुणी माहीत नाही," मी म्हणालो.

घरी बायको म्हणाली, "आयुष्यात एकदा बातमी स्वतः चालत घरी आलीये. शेजारच्या भिंतीपलीकडे बसलीये. आणि हे म्हणे कुणी माहीत नाही."

"छापली तर ती पोरगी पुन्हा देशाबाहेर पडणार नाही."

"ते कळतं रे मला. मी फक्त तुझ्या नशिबाचं सांगतेय."

मावशींना आम्ही बरोबर नेलं. मी पत्रकारांच्या रांगेत बसलो, बायको आणि मावशी वरच्या बाजूला तिकीट काढून बसल्या. त्यांच्या समाजातले काही लोक स्वतंत्र एस्टोनियाचा निळा-काळा-पांढरा झेंडा घेऊन एका कोपऱ्यात घोषणा देत होते. मावशींनी त्यांच्यापासून सगळ्यात लांबची जागा निवडली. त्यातला कुणी त्यांना ओळखत असता आणि हाक मारली असती, तर पंचाईत झाली असती. डोक्याला रुमाल बांधून त्या बसल्या होत्या. हे बायकोनं नंतर सांगितलं. मला रांगेतून त्या दिसत नव्हत्या.

लांब उडीची वाळू माझ्या जवळच होती. मुलगी उंच, खांदे रुंद, केस मागे घट्ट बांधलेले. ज्या पायावर उडी घ्यायची त्या घोट्याला पांढरी पट्टी गुंडाळलेली. लांब उडीत धावण्याची सुरुवात प्रत्येक जण स्वतः ठरवतो आणि तिथं खूण ठेवतो. वाळूआधी बसवलेल्या फळीच्या पुढं बोटभर पाय गेला तरी उडी बाद. फळीच्या मागून उडी घेतली तर तेवढं अंतर फुकट जातं. तिनं खुणेसाठी आपली सपात ठेवली होती. पहिली उडी बाद झाली. तिनं जाऊन सपात थोडी मागे सरकवली. दुसरी उडी बरी होती. तिच्यावर ती दिवसअखेर तिसरी आली.

संपल्यावर खेळाडूंना एका खोलीत आणलं. दुभाष्या होता, आणि संघाबरोबर आलेला एक गृहस्थ दाराजवळ उभा होता. तो काही बोलत नव्हता. बाकीच्या पत्रकारांनी पहिल्या दोघींना प्रश्न विचारले. मग माझ्याकडे हात झाला. मी विचारलं, "उडी मारायला तुम्हाला पहिल्यांदा कुणी शिकवलं? आणि आजचा निकाल त्यांना कळेल का?"

मुलगी संत्रं सोलत होती. प्रश्न तिच्यापर्यंत पोचल्यावर तिनं मान वर केली आणि बराच वेळ बोलली. दुभाष्यानं थोडक्यात सांगितलं. तिची आजी गावच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. तिनं शिकवलं. आता निवृत्त झाली आहे, तरी शाळेच्या स्पर्धेत मुलांच्या उड्या मोजायला जाते. निकाल रेडिओवर सांगतात. ती ऐकत असेल.

मी आभार मानले. पुढचा प्रश्न दुसऱ्याला गेला.

परत येताना मी गाडी चालवत होतो, मावशी शेजारी, बायको मागे. गाडी हायवेला लागल्यावर मी मावशींना सगळं जसंच्या तसं सांगितलं. प्रश्न काय होता, दुभाष्यानं काय सांगितलं. बहीण जिवंत आहे. उड्या मोजायला जाते. रेडिओ ऐकते.

मावशी समोर बघत राहिल्या. दोन्ही बाजूंना शेतं होती, बर्फानं सपाट झालेली.

"म्हणजे तिचे डोळे चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "टेप वाचता येते."

नंतर बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "म्हणजे तिला लिहिता येतं."

मी गाडीचा हीटर थोडा वाढवला.

"बरोबर केलं तिनं," मावशी म्हणाल्या. "मीही तेच केलं असतं. मी नाताळला स्वीडनला कार्ड पाठवते दरवर्षी. ते पुढं जातं की नाही माहीत नाही. या वर्षीपासून नाही पाठवणार. कुणाच्या तरी हातात पडायचं."

मागून बायकोनं मराठीत विचारलं, "मावशींना आनंद झाला की नाही, काही कळतंय का?"

"नाही."

"मला वाटलं होतं रडतील."

"काय म्हणते ती?" मावशींनी विचारलं.

"तुम्हाला थंडी वाजतेय का, विचारते."

"नाही," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी बायकोला खेळातल्या त्या मुलीच्या चालण्याबद्दल सांगितलं. पाय बाहेर टाकून चालते, तशी बहीणही चालायची, गावात त्यावरून चिडवायचे. बायको म्हणाली, पूर्ण वेळ तुम्ही उडीकडे नाही, चालण्याकडेच बघत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी संपादकानं माझी कॉपी वाचली. "अख्ख्या जगातला एक प्रश्न तुझ्या वाट्याला आला, आणि तू पोरीच्या आजीबद्दल विचारलंस?" आजीचं वाक्य मी बातमीत घेतलंच नव्हतं. ते त्याला दुसऱ्या पेपरातल्या मित्राकडून कळलं होतं. "तुमच्यात सगळं आजीपाशीच जाऊन थांबतं का रे?" डेस्कवर हसले. त्यानंतर काही महिने मला कुस्तीच्या निकालांबरोबर आजीची तब्येत विचारायची सवय त्यांना लागली होती.

त्या वसंतात, एका रविवारी, मावशींनी विचारलं, "लांब उडी मारणाऱ्या बायका किती वर्षं उडी मारतात?"

मी सांगितलं की पंचविशीच्या पुढं फार थोड्या. घोटा आणि गुडघा आधी जातो. एखादी तिशीपर्यंत टिकते.

त्यांनी मान हलवली. हिशेब त्या मनात करत असाव्यात. मुलगी खेळायची थांबली की पासपोर्टचा प्रश्न संपणार होता. मग बहीण लिहू शकणार होती. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. मीही बोललो नाही. बायकोनं मात्र भांडी आवरताना एकदा म्हटलं, "पोरीनं चांगली उडी मारावी की वाईट, मावशींना यातलं काय हवंय कोण जाणे." आणि स्वतःच पुढं म्हणाली, "त्यांनाही माहीत नसणार."

पुढच्या हंगामात नाव गायब झालं. लांब उडीच्या निकालात, शेपटीत, कुठंही नाही. मी सांगितलं की बहुधा घोट्याची दुखापत असेल. मावशी दुपारी पोस्टमनच्या वेळेला पुढचं अंगण झाडू लागल्या. झाडायला काही नसे. पोस्टमन कूपनं आणि विजेचं बिल देऊन जाई. असा एक उन्हाळा गेला.

शरदात एका स्पर्धेची शेपूट वाचताना नाव पुन्हा दिसलं, पण लांब उडीखाली नव्हे. सात प्रकारांच्या स्पर्धेत. बायकांसाठी आधी पाच प्रकारांची स्पर्धा असे, त्या सुमारास तिचे सात झाले होते. अडथळ्यांची शर्यत, उंच उडी, गोळाफेक आणि दोनशे मीटरची धाव पहिल्या दिवशी. लांब उडी, भालाफेक आणि सगळ्यात शेवटी दमवणारी शर्यत दुसऱ्या दिवशी. प्रत्येकाचे गुण असतात, बेरीज करून क्रमांक लागतो. ज्यांचा एक पाय अधू होतो अशा लांब उडीवाल्या कधी कधी इकडे येतात. इथं एकाच पायावर सगळा भार नसतो. आणि इथं वयही जास्त चालतं.

हे मी मावशींना समजावून सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती चालतं?"

"तिशीच्या पुढंही खेळतात."

"तिला गोळा फेकता येतो?"

"फार नाही. गोळ्यात ती शेवटून दुसरी आहे. उडीत पहिली."

"घोटा बरा झालाय मग," मावशी म्हणाल्या आणि कॉफी गरम करायला उठल्या. त्या दिवसापासून त्यांनी अंगण झाडणं बंद केलं.

मी सातही प्रकारांचे आकडे वाचून दाखवू लागलो. त्याला वेळ लागे. गोळा सुधारत होता. भाला सुधारत नव्हता. अडथळ्यांत ती कधी चांगली, कधी पडता पडता वाचलेली. मावशी प्रत्येक आकड्यावर मान हलवत, शाळेचं प्रगतिपुस्तक ऐकावं तशा. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकला सोव्हिएत संघ येणार नाही हे जाहीर झालं तेव्हा संपादकानं मोठा मथळा केला. मी घरी सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "टीव्हीवर दिसली असती." आणि मग, "चार वर्षांनी पुन्हा असतं ना?"

"असतं."

"म्हणजे चार वर्षं ती थांबणार नाही."

"नाही. थांबणार नाही."

बायकोला त्या वर्षी मुलगी झाली. मावशींनी तिच्यासाठी पाव भाजून आणला आणि तिला दाखवला, जणू ती खाणार आहे. मुलगी मोठी होऊ लागली तशी इंग्रजीतच बोलू लागली. मावशींना ती आजी म्हणायची. डोंबिवलीच्या माझ्या आईला महिन्यातून एकदा फोन लागे आणि त्यात ओरडून बोलण्यातच वेळ जाई. अशी ती वर्षं गेली. पावाच्या बदल्यात बायको पुरणपोळी देई. मावशींना ती गोड रोटी वाटे, पण पूर्ण खात.

पुढच्या ऑलिंपिकच्या आदल्या उन्हाळ्यात मावशींच्या बहिणीच्या नातीचा निकाल आला. मोठी स्पर्धा होती. संघ त्यावरून ठरणार होता. मी शेपूट उभ्या उभ्या वाचली. पहिल्या दिवसाअखेर ती वरच्या जागांत होती. गोळ्यात तिनं स्वतःचं सगळ्यात चांगलं केलं होतं. दुसऱ्या दिवशी लांब उडी. सात प्रकारांच्या स्पर्धेत लांब उडीला तीनच संधी मिळतात, आणि तिन्ही बाद झाल्या तर त्या प्रकाराचे गुण शून्य. शहाणे खेळाडू दोन बाद झाल्या की तिसरीला फळीच्या बऱ्याच मागून उडी घेतात. थोडं अंतर कमी मिळतं, पण काहीतरी मिळतं. तिच्या नावापुढं लांब उडीत शून्य होतं. जो तिचा स्वतःचा प्रकार, त्यात शून्य. भाल्याचा आकडा होता. शेवटच्या शर्यतीचाही होता. म्हणजे शून्यानंतरही ती मैदान सोडून गेली नव्हती. एकूण बेरजेत ती शेवटची आली.

दुपारी मी ते मावशींना वाचून दाखवलं. पहिल्या दिवसाचे चार आकडे त्यांनी नेहमीसारखे ऐकले. मग मी थांबलो.

"वाचा," त्या म्हणाल्या.

"लांब उडी, शून्य. तिन्ही बाद."

"तिन्ही?"

"तिसरी तरी मागून घ्यायला हवी होती. का घेतली नाही, माहीत नाही. पट्टीवर ते नसतं."

मावशी खुर्चीत तशाच बसल्या होत्या. हात मांडीवर. "मग? पुढचं?"

मी भाला वाचला, शर्यत वाचली, एकूण गुण वाचले.

"हे संपलं का?" त्यांनी विचारलं.

"संघात नाही घेणार तिला आता."

"वय?"

"वयही झालं."

त्यांनी उठून नळ सोडला आणि कप धुतले. आधीच धुतलेले होते. बायको म्हणाली, मावशी, बसा ना. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, "गोळा चांगला फेकला होता तिनं."

नाव पुन्हा कुठल्याच शेपटीत आलं नाही. मी वाचत राहिलो. एक हिवाळा गेला. तिकडे वातावरण सैल होत असल्याच्या बातम्या पहिल्या पानावर येऊ लागल्या होत्या. पत्र आलं नाही. मावशी अंगण झाडत नव्हत्या. त्यांनी विचारणंही बंद केलं होतं, आणि मी आपण होऊन सांगण्यासारखं काही नव्हतं. आम्ही कॉफी प्यायचो. हवेबद्दल बोलायचो.

वसंतातल्या एका रविवारी सकाळी त्यांनी भिंतीवर जोरात थाप मारली. तसं त्या कधी करत नसत. आम्ही दोघं धावत गेलो. त्यांच्या हातात फोनचा रिसीव्हर होता आणि दुसऱ्या हातानं त्यांनी टेबल धरलं होतं. त्या त्यांच्या भाषेत बोलत होत्या. आम्हाला काही कळत नव्हतं. आवाज मोठा होता, आम्ही डोंबिवलीशी बोलताना काढतो तसा. मधेच थांबत, ऐकत, पुन्हा ओरडत. मला काही समजलं ते एवढंच की एकदा त्यांनी आपल्या घोट्याकडे बघितलं आणि काहीतरी विचारलं. बायकोनं त्यांच्या मागे खुर्ची सरकवली. त्या बसल्या नाहीत.

बोलणं अर्ध्यावर थांबलं. त्यांनी फोनच्या जाळीत दोनदा तोच शब्द म्हटला. मग रिसीव्हर कानापासून दूर धरून पाहिला आणि खाली ठेवला.

"कट झाला?" बायकोनं विचारलं.

"बहीण होती. त्यांच्या पोस्टातून. फोनसाठी नंबर लावावा लागतो. मुलीनं लावून दिला." त्या आता बसल्या. "मुलगी आता शाळेत शिकवते. तिच्या आजीच्याच शाळेत."

"तुमचा नंबर कुठून मिळाला?"

"इकडच्या चर्चमधून कुणीतरी तिकडे गेलं होतं. बहिणीनं त्याला नुसतं विचारलं होतं की मी कधी गेले. त्यानं नंबर दिला."

आम्हाला समजलं नाही. मावशींनी सावकाश सांगितलं. बहिणीनं मुलीसाठी लिहिणं थांबवलं होतं. पण मावशींची कार्डं तिला मिळत होती, दरवर्षी, नाताळला. ती उत्तर देत नव्हती, एवढंच. मग एका वर्षी कार्ड आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तिनं धरलं की मावशी गेल्या.

"तुम्ही तिच्यासाठीच थांबवलं होतं ना पण," बायको म्हणाली. "त्या पोरीसाठी."

"हो."

"आणि तुम्हाला तर कळत होतं सगळं. हा निकाल वाचून दाखवायचा."

"मला कळत होतं," मावशी म्हणाल्या. "तिच्याकडे माझा निकाल कुठं छापून येणार."

त्यांनी पुढं सांगितलं की त्यांच्याकडे नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे दफनभूमीत जाऊन घरच्यांच्या थडग्यावर मेणबत्त्या लावतात. कागदावर मावशी बुडालेल्या होत्या, म्हणून बहीण पहिल्यापासून त्यांच्या नावानं एक मेणबत्ती लावत होती. शेजाऱ्यांनी बघावं म्हणून. जिवंत बहिणीसाठी मेणबत्ती लावताना तिला भीती वाटायची, हसूही यायचं. कार्डं थांबल्यापासून मात्र ती खरीच लावत होती.

बायकोनं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, यंदा लावू नकोस." मावशींनी फोनकडे पाहिलं. "तेवढ्यात लाइन गेली. तिला ऐकू गेलं की नाही, सांगता येत नाही."